कळकलेलं तांबं : आम्लं, धातू आणि घरातले कारखाने

निर्मळच्या या तळ्याकाठी आम्ही लहानाचे मोठे झालो. पुढे आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे आज आम्ही आम्लं आणि धातू यांच्यावर बोलणार हे कळल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की सर, विषय चुकून छापला का? विषय चुकलेला नाही. आमच्या घराच्या पडवीत या विषयाचा एक छोटा इतिहास घडलेला आहे. तो सांगितल्याशिवाय आम्हांला मोठा इतिहास सांगता येणार नाही, आणि मोठा सांगितल्याशिवाय पडवीतला समजणार नाही. तेव्हा दोन्ही एकमेकांत मिसळतील, ते सहन करा.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. आपल्याकडे एक फार नेमका शब्द आहे, ‘कळकणं’. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक, कढी, आमटी राहिली की ती कळकते. चव बदलते, कडेला हिरवट रंग दिसतो, पोटात मळमळतं. आमच्या आजीला रसायनशास्त्राचं नावही ठाऊक नव्हतं, पण कुठलं भांडं कशाला हे तिला पक्कं ठाऊक होतं. ताकातलं आम्ल आणि हवेतला प्राणवायू असे दोघं मिळून तांब्याचा पृष्ठभाग विरघळवतात आणि ते तांबं ताकात उतरतं. नुसतं ताक असून भागत नाही, हवा लागते. म्हणून हिरवा रंग काठाशी, जिथं ताक आणि हवा भेटतात तिथं, आधी दिसतो. यावर उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, आणि कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं की आतून चांदीसारखं लख्ख. तो धूर आम्ही मुलं तोंड वर करून बघायचो. नवसागर तिथं काय करतो? तांब्यावरचा काळा थर, म्हणजे ऑक्साइड, खाऊन टाकतो, धातू उघडा करतो, म्हणजे कथील त्याला धरतं. एकाच कामात दोन गोष्टी झाल्या बघा. धातूवरचा मळ मुद्दाम खायला घालायचा, आणि पुढे धातू खाल्ला जाऊ नये म्हणून त्याच्यावर पांघरूण घालायचं.

आज आम्ही ज्याला आम्लकोरीव किंवा सरळ एचिंग म्हणतो, त्याचं सगळं मर्म या दोन वाक्यांत आहे. धातूच्या काही भागावर पांघरूण घाला, उरलेला भाग कळकू द्या. कल्हईवाल्याला कळकणं नको असतं, एचिंगवाल्याला ते हवं असतं. क्रिया एकच.

आता कोरणं आणि खाऊ देणं यांतला फरक पाहू, कारण इतिहासात दोन्ही परंपरा वेगळ्या वाहतात. आपल्या कोकणातल्या शिलाहारांचे ताम्रपट छिन्नीनं कोरलेले आहेत. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात एका कारागिराकडून गीतेसाठी तांब्याचे पत्रे कोरून घेण्याचा उद्योग सुरू झाला. नाना गेले, पेशवाईचे दिवस फिरले, तो कारागीर मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ मध्ये मिरजेत गीता छापून निघाली. तीही हातानं कोरलेल्या पत्र्यांवरून. आपल्याच पालघर जिल्ह्यात चिंचणी-वरोरच्या बाजूला दागिन्यांचे डाय कोरण्याचा धंदा घरोघरी चालत आलेला आहे. पोलादात उलटी नक्षी, डोळ्याला भिंग, हातात छिन्नी. इथं धातू निघतो तो मनगटाच्या जोरानं. चूक झाली तर हाताची, शाबासकी मिळाली तर तीही हाताची.

एचिंगमध्ये हात मध्येच थांबतो. तो फक्त पांघरुणावर रेघ ओढतो, आणि पुढचं काम द्रव करतो. युरोपात ही विद्या चिलखतं आणि तलवारी सजवणाऱ्यांकडून आली. पोलादावर मेणाचा थर, मेणावर सुईनं नक्षी, आणि मग आम्ल. ऑग्सबर्गच्या डॅनियल हॉप्फर यानं १५००च्या सुमारास चिलखताची ही युक्ती चित्रं छापण्यासाठी वापरली. ड्यूररनंही काही काळ लोखंडी पत्र्यावर हात चालवून पाहिला. पुढे तांबं आलं, कारण लोखंड ओबडधोबड खाल्लं जातं आणि गंजतं. रेम्ब्रांटची ती जगप्रसिद्ध चित्रं तांब्यावरची. त्यातल्या रेघेचं वैशिष्ट्य असं, की ती कागदावर पेननं काढल्यासारखी मोकळी असते. मनगटाला धातूशी झुंजावं लागत नाही ना.

मग आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं का? होतं, पण वेगळ्या जागी होतं. बिदर घ्या. बिदरच्या आसपास भालकी-औरादपर्यंत मराठी बोललं जातं, म्हणजे तो आपला शेजारच. बिदरी भांडं जस्ताचं असतं, थोडं तांबं मिसळून ओतलेलं. ते तासून झालं की त्यावर मोरचूद चोळतात. लगेच वरवर काळा रंग येतो, आणि त्या काळ्यावर सुईनं काढलेली नक्षी पांढरी उठून दिसते. त्या रेघांवर छिन्नी चालवून चांदी बसवतात, पुन्हा घासून सगळं एकसारखं करतात. त्या वेळी भांडं पाहिलं तर नक्षी जवळजवळ दिसेनाशी झालेली असते, जस्तही पांढरट आणि चांदीही पांढरी. शेवटी जुन्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लगदा तापलेल्या भांड्याला चोळतात. जस्ताचं अंग काळंभोर होतं, चांदीला काही होत नाही. एकच लेप, दोन धातू, दोन निकाल. इथं पांघरूण घालावंच लागत नाही, चांदीचा स्वभाव हेच तिचं पांघरूण. आम्हांला हे एचिंगपेक्षाही सुंदर वाटतं. आमच्या पूर्वजांना सगळंच ठाऊक होतं असं म्हणण्याची आम्हांला घाई नाही. पण बिदरच्या कारागिराला धातूंच्या स्वभावातला फरक हाताळता येत होता, हे भांडं समोर ठेवून दाखवता येतं. तेवढं पुरे.

सोन्याची गोष्टही तशीच. सोनार कसोटीवर सोनं घासतो, त्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकतो आणि रेघ किती टिकते ते पाहतो. ‘कस लागणं’, ‘कसोटीला उतरणं’ हे शब्द आपण माणसांबद्दल वापरतो, ते या दगडावरून आले. सोन्यातली चांदी वेगळी करायची तर सोनं एक भाग असेल तिथं चांदी मुद्दाम तीन भाग करून वितळवतात, कारण सोनं जास्त असलं तर तेजाब आत शिरतच नाही. मग शोऱ्याच्या तेजाबात घातलं की चांदी विरघळते, सोनं तळाशी उरतं. आणि विरघळलेली चांदी परत कशी मिळवायची? त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडायची. चांदी पट्टीवर येऊन बसते, तांबं पाण्यात जातं, पाणी निळं होतं. हे लक्षात ठेवा, आम्ही याच्याकडे परत येणार आहोत.

आता छपाईकडे. बव्हेरियातल्या सेनेफेल्डरला स्वतःची नाटकं छापायची होती आणि पैसे नव्हते. तो तांब्यावर एचिंग करत होता. तांबं महाग, म्हणून सरावाला चुनखडीचा दगड घेतला, आणि १७९६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यातून शिळाछाप निघाला. त्या शिळाछापावर आपल्या मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पहिलं मराठी पंचांग छापलं. शिळेवरही डिंक आणि सौम्य शोऱ्याचं आम्ल फिरवावं लागतंच. पण छापखान्यात आम्लाचं खरं राज्य आलं ते फोटोच्या ब्लॉकबरोबर. फोटो शिशाच्या टायपाबरोबर छापायचा तर तो उठावाचा हवा. म्हणून जाळीदार काचेतून फोटोचे बारीक ठिपके करायचे, ते धातूच्या पत्र्यावर उतरवायचे, आणि ठिपक्यांमधली जागा आम्लाला खायला द्यायची. साध्या रेघांच्या चित्रासाठी जस्त आणि शोऱ्याचं आम्ल. बारीक ठिपक्यांच्या कामासाठी तांबं आणि फेरिक क्लोराइड.

मराठी माणसाला ही विद्या सांगायची तर एक नाव घ्यावंच लागतं. धुंडिराज गोविंद फाळके. आपण त्यांना सिनेमामुळे ओळखतो, पण सिनेमाच्या आधी हा गृहस्थ ब्लॉकवाला होता. जे. जे. कलाशाळा, मग बडोद्याचं कलाभवन. तिथं प्रमुख होते त्रिभुवनदास गज्जर, रसायनशास्त्रज्ञ. (चापेकर बंधूंनी १८९६ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं, ते डाग पुढे काढून दिले ते हेच गज्जर. संगमरवराला आम्ल चालत नाही, म्हणून ते काम इतकं अवघड होतं.) फाळके रतलामला जाऊन तीनरंगी ब्लॉक करायला शिकले. पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली, आणि १९०८ मध्ये लोणावळ्याला एन्ग्रेव्हिंग आणि प्रिंटिंगचा कारखाना काढला. तो पुढे दादरला आला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला. १९०९ मध्ये ते नवी यंत्रं आणि नवं तंत्र पाहायला जर्मनीला गेले. त्याच वर्षी का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला. चित्रांनी सजलेला मराठी अंक लोक हातात घेऊ लागले, त्यामागे ब्लॉक होते आणि ब्लॉकमागे आम्लाच्या परातीवर वाकलेली माणसं होती.

आम्हांला नेहमी वाटत आलं आहे, की ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये घरच्या घरी तयार होऊ शकला तो या सवयीमुळे. घरात द्रावणं कालवायची, अंधारात काम करायचं, मिनिटं मोजायची, हे फाळक्यांच्या घराला नवीन नव्हतं. सरस्वतीबाई फाळके रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडत, रसायनं तयार करत. घर आणि कारखाना यांच्यात भिंत नव्हती. याचं आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण भिंत नसण्याची दुसरीही बाजू असते, आणि आता आम्ही आमच्या पडवीत येतो.

आमचे एक मामा मुंबईला एका ब्लॉकवाल्याकडे कामाला होते. रोज सकाळी वसईहून गाडी, रात्री परत. साठ सालानंतरची गोष्ट. त्यांनी आमच्या पडवीत स्वतःचं एक लहानसं काम सुरू केलं. लग्नपत्रिकांचे, यात्रेच्या हँडबिलांचे, दुकानांच्या बिलांवरच्या चिन्हांचे जस्ताचे ब्लॉक. निगेटिव्ह मुंबईहून आणायचे, बाकी सगळं इथं. अंड्याचा पांढरा बलक आणि बायक्रोमेट यांचं मिश्रण पत्र्यावर पसरायचं, निगेटिव्ह वर दाबून अंगणात उन्हात ठेवायचं. जिथं ऊन लागतं तिथला बलक घट्ट होतो. मग शाईचा रूळ, मग पाण्याखाली कापसानं हलकेच पुसायचं. न घट्टलेला भाग शाईसकट निघून जातो. राहिलेल्या शाईवर राळेची पूड, शेगडीवर ऊब, की ती वितळून पक्कं पांघरूण तयार. मग आतून डांबर लावलेल्या लाकडी परातीत सौम्य आम्ल, आणि परात पाळण्यासारखी हलवत राहायची. ती हलवायचं काम आमच्याकडे असे.

एक बारकावा सांगतो, कारण त्यात या विद्येची सगळी कसरत आहे. आम्ल खाली खातं तसं बाजूलाही खातं. रेघ उंच करायला जावं तर ती बुडातून पोखरली जाते आणि छापताना मोडते. म्हणून थोडं खाऊ द्यायचं, बाहेर काढायचं, वाळवायचं, चारही बाजूंनी ब्रशनं राळ लोटायची म्हणजे ती रेघेच्या भिंतीला टेकते, पुन्हा ऊब, पुन्हा आम्ल. असं तीन-चार वेळा. मामा याला ‘चावा’ म्हणत. पहिला चावा, दुसरा चावा. मामांच्या हाताची बोटं कायम पिवळी असत. पानात वाढताना मामी म्हणायच्या, हळद आमटीत घालायची राहिली तर तुमची बोटं बुडवा. शोऱ्याचं आम्ल कातडीतल्या प्रथिनांना पिवळं करतं, तो रंग धुऊन जात नाही, कातडी झडते तेव्हाच जातो. बायक्रोमेटनं बोटांच्या बेचक्यांत फोड यायचे ते वेगळेच. कुणालाही त्यात विशेष वाटत नव्हतं. शेतकऱ्याच्या हाताला घट्टे, तशी यांची बोटं पिवळी.

आणि मग एका पावसाळ्यात कुणीतरी दारावरची तांब्याची पाटी करायला दिली. जस्त आणि तांबं यांच्यात काय फरक आहे, हे इथं समजून घ्यायला हवं. जस्त आपले इलेक्ट्रॉन सहज सोडतं, त्याला सौम्य आम्ल पुरतं. तांबं सोडत नाही. मिठाचं आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक, हवा नसेल तर तांब्याला ढिम्म हलवत नाही. तांब्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेणारं कुणीतरी हवं. शोऱ्याचं आम्ल ते करतं, पण हिसकावून घेताना स्वतः मोडतं, आणि त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड नावाचा तांबूस वायू सुटतो. फेरिक क्लोराइडमधलं लोह हेच काम कसलाही वायू न सोडता करतं. तांब्याच्या एका अणूमागे लोहाचे दोन आयन लागतात, बस्स. म्हणून ब्लॉकवाले तांब्यासाठी फेरिक क्लोराइड वापरत. मामांकडे त्या दिवशी ते नव्हतं. शोऱ्याचं आम्ल होतं, तेही जोरकस. बाहेर झड लागलेली, म्हणून पडवीची झडपं ओढून घेतलेली.

धूर झाला. मामा खोकले, बाहेर आले, तोंड धुतलं, दहा मिनिटांत ठीक. आम्ही सगळे हसलोसुद्धा. संध्याकाळी नेहमीसारखे जेवले. रात्री एक-दीडला त्यांना श्वास घेता येईना. ओठ निळे पडलेले, तोंडाशी फेस. शेजाऱ्यांचा भाजी नेणारा ट्रक होता, त्यातून त्यांना वसईला नेलं. वाचले. पण नंतर स्टेशनचा जिना त्यांना एका दमात कधी चढता आला नाही, आणि चाळिशीतच मुंबईची नोकरी सुटली. पुष्कळ वर्षांनी आम्हांला कळलं, की हा वायू असाच फसवतो. घशाला तो फार जाळत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. फुप्फुसात खोल जाऊन तो तिथल्या ओलाव्यात पुन्हा आम्ल होतो, आणि काही तासांनी, कधी दिवसभरानंही, फुप्फुसात पाणी भरतं. म्हणजे धूर गिळल्यावर जो माणूस ‘मला काही झालं नाही’ म्हणतो, त्यालाच डॉक्टरकडे न्यायचं असतं. हे आमच्या घरात एकालाही ठाऊक नव्हतं. परात हलवणाऱ्या पोरालाही कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी शाळा होती म्हणून आम्ही पडवीत नव्हतो, एवढाच योगायोग.

यानंतर पडवी काही वर्षं बंद राहिली. ती पुन्हा उघडली ती आमच्या धाकट्या भावामुळे. इथं जगाच्या इतिहासातला एक मजेदार दुवा येतो. व्हिएन्नाचा पॉल आइस्लर हा इंजिनिअर छपाईच्या धंद्यात काम केलेला. तो १९३६ मध्ये लंडनला आला, भाड्याच्या खोलीत राहिला, आणि त्याच्या डोक्यात आलं, की रेडिओतल्या तारांचं जंजाळ ब्लॉकसारखं छापता येईल. इन्सुलेटरवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवा, हव्या त्या वाटा झाकून ठेवा, उरलेलं खाऊ द्या. आजच्या प्रत्येक मोबाइलमधली हिरवी पट्टी ही त्या विचाराची वंशज. म्हणजे छापखान्याची विद्या रेडिओत गेली. आमच्या पडवीतही ती त्याच वाटेनं गेली म्हणा. मामा ब्लॉक करत, भाऊ रेडिओ करू लागला.

सत्तरच्या दशकात लॅमिंग्टन रोडवरून तांब्याचा थर दिलेलं हायलमचं शीट आणि पुडीतून फेरिक क्लोराइडचे पिवळट-तपकिरी खडे आणायचे. वहिनीच्या नेलपॉलिशनं वाटा रंगवायच्या. आम्ही तेव्हा कॉलेजात नुकतेच शिकवायला लागलेलो, रविवारी भावाला मदत. मामांचं सगळं ध्यानात ठेवून आम्ही अगदी शहाणपणानं अंगणात बसलो. धूर नाही, वास नाही. फक्त परात घेतली ती जर्मनची. आता जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. रोज स्वयंपाकात दिसणारा हा धातू स्वभावानं जस्ताहूनही आतताई आहे. तो शांत दिसतो तो अंगावरच्या ऑक्साइडच्या पातळ कवचामुळे, आणि क्लोराइड नेमकं तेच कवच फोडतं. दोन-तीन मिनिटं काही झालं नाही. मग परात गरम झाली, मग उकळायला लागली, काळपट फेस वर आला, आणि बुडाला भोकं पडून सगळं कोब्यावर वाहिलं. भावाच्या पायावर पडलं, चटका बसला, निभावलं. आई दारात येऊन म्हणाली, ‘तांबं खायला घातलंत, आणि परात खाऊन बसलात.’ आम्ही बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं, आणि ते पाणी उताराला, मागच्या बावखलात गेलं.

मासे मेले का? नाही मेले. मेले असते तर आम्ही त्याच दिवशी शिकलो असतो.

या बावखलाबद्दल बोलायचं आहे, पण त्याआधी मघाशी बाजूला ठेवलेली सोनाराची तांब्याची पट्टी घेऊ. समोर बागायतदार मंडळी बसली आहेत. तुम्ही पानवेलीवर, सुपारीवर बोर्डो मिश्रण मारता. मोरचूद आणि चुना. मिश्रण बरोबर झालं की नाही हे कसं पाहता? विळा किंवा लोखंडी सुरी बुडवून. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, चुना कमी पडला, पानं करपतील. आला नाही तर ठीक. हेच ते. लोखंड पाण्यात जातं, तांबं पात्यावर येतं. सोनाराकडे तांबं पाण्यात जातं, चांदी बाहेर येते. न्यूटननं ‘ऑप्टिक्स’च्या ३१व्या प्रश्नात हीच साखळी लिहून ठेवली आहे, कुठला धातू कुणाला द्रावणातून हाकलतो याची. चीनमध्ये सोंग राजवटीत खाणीच्या निळ्या पाण्यात लोखंड टाकून मोठ्या प्रमाणावर तांबं काढत. युरोपातल्या कित्येक किमयागारांना मात्र वाटत होतं, की लोखंडाचंच तांबं झालं, आणि त्या भरवशावर ते लोखंडाचं सोनं करायला निघाले.

इथं आमचा जुना धंदा थोडा आडवा येतो. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासून असतंच. नवीन काही निर्माण होत नाही, असलेलं प्रकट होतं. वैशेषिकांना हे मान्य नाही. घडा भाजल्यावर तांबडा होतो, तो अणूअणूत बदल होऊन असं ते म्हणतात. नैयायिक म्हणतात, सगळा घडाच्या घडा बदलतो. वर्गात आम्ही हे वाद तीस वर्षं शिकवले, मुलं वहीत उतरवून घेत. आम्हांला वाटतं, एकदा काचेच्या पेल्यात निळं पाणी आणि एक खिळा ठेवला असता तर वाद निदान जिवंत झाला असता. तांबं पाण्यात होतंच, दिसत नव्हतं. ‘विरघळलं’ म्हणजे ‘संपलं’ नव्हे.

आणि संपलं असं समजणं, हीच आमची बावखलातली चूक.

हिशेब करू. बाजारात मिळणाऱ्या शीटवर तांब्याचा थर साधारण ०.०३५ मिलिमीटर जाडीचा असतो. दहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या तुकड्यावर साडेचार ग्रॅमहून थोडं अधिक तांबं भरतं. त्यातलं तीन चतुर्थांश खाल्लं गेलं तर साडेतीन ग्रॅम द्रावणात उतरलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. साडेतीन ग्रॅम म्हणजे सत्तर हजार लिटर पाणी त्या पहिल्या मर्यादेला नेण्याइतकं तांबं. दहा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि मीटरभर पाण्याचं बावखल. एका रविवारच्या एका पट्टीनं. प्रत्यक्षात बरंच तांबं चिखलात जाऊन बसतं, म्हणून मासे लगेच उलटे होत नाहीत. पण शेवाळ आणि माशांची पिल्लं यांना माणसापेक्षा कितीतरी कमी तांबं बाधतं. मोरचूद बुरशी मारतं ते त्याच गुणानं. तुमच्यापैकी अनेकांच्या वाड्या याच बावखलांवर पोसल्या गेल्या, रहाट होते तेव्हा आणि आता पंप आहेत तेव्हाही. बावखलाचं पाणी झिरपून विहिरीला जातं, हे आम्ही तुम्हांला सांगायला नको.

तांब्याला वेळ किती असतो, याची साक्ष इथून जवळच आहे. सोपाऱ्याच्या बुरुड राजाच्या कोटात भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये स्तूप उघडला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक मिळाला आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ मूर्ती. शतकानुशतकं जमिनीखाली राहून ते शिल्लक होतं. तांबं हिरवं होतं, काळं होतं, पाण्यात जातं, पण कुठं तरी असतं.

आता पुष्कळ मुलं पुन्हा घरात पट्ट्या करतात, पितळी नावाच्या पाट्या करतात, सुऱ्यांच्या पात्यावर नक्षी उठवतात. आमच्याकडे येतात तेव्हा आम्ही त्यांना थांबवत नाही. पडवी बंद करणं हा उपाय नाही. तांबं आणि शोऱ्याचं आम्ल घरात एकत्र आणू नका, हे मात्र निक्षून सांगतो. प्लास्टिकचा किंवा काचेचा ट्रे घ्या, धातूचा नको. फेरिक क्लोराइडचे खडे पाण्यात थोडे थोडे टाका, पाणी खड्यांवर ओतू नका, फार उष्णता सुटते. डोळ्यांवर चष्मा, तोही बाजूंनी बंद. आणि द्रावण लगेच टाकायची घाई करू नका, ते पुष्कळ पट्ट्या करतं. अगदी मंदावलं की मग त्यात लोखंडी खिळे, तारेचा चोथा टाकून ठेवा. आधी द्रावणाचा तपकिरी रंग उतरून हिरवट होतो, मग लोखंडावर तांबं बसायला लागतं. नवा चकचकीत खिळा तासभर ठेवून तो तांबूस झाला नाही, म्हणजे बहुतेक तांबं निघालं. तुमची बोर्डोची सुरीच ही. मग चुन्याची निवळी किंवा धुण्याचा सोडा सावकाश घाला, फेस येईल, येऊ द्या. गाळ बसेल. तो गाळ वाळवून डब्यात भरा, आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या. कचऱ्याची गाडी कधी घेते, कधी घेत नाही. घेत नसेल तर डबा ठेवून द्या आणि पुन्हा विचारा.

आमच्या पडवीत मामांची डांबर लावलेली परात अजून आहे. कोब्यावरचा लालसर डाग घासून घासून फिका झाला, गेला नाही. गेल्या महिन्यात भावाच्या नातवानं साठवलेली दीड लिटर द्रावणाची बाटली आम्ही दोघांनी मिळून अशीच निवळवली. पाच दिवस लागले. खिळ्यांवरून खरवडलेलं तांबं वाळवून सोनाराच्या काट्यावर तोललं, ते एकवीस ग्रॅम भरलं. पोरानं ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून फडताळात ठेवलं आहे, आणि बाटलीवर तारीख लिहिली आहे.